अ‍ॅक्सलचे हातोडे

मिलोच्या, म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, पिठाला चिकाटी नसते. परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीच्या कडा फाटतात. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शिरपुरात घरोघरी सकाळी हीच झटापट चाललेली असे, आणि त्या दिवशी माझीही चालली होती. पाळण्यातली पोर कुरकुरत होती. हे भाकरीची वाट न पाहता नुसता चहा घेऊन कामावर निघून गेले होते. तेवढ्यात दार वाजलं.

आमच्याकडे दिवसा कोणी दार वाजवत नसे. दार नुसतं लोटलेलं असायचं, आणि येणारा अंगणातूनच हाक द्यायचा. म्हणून मी पिठाच्या हातानंच उठले.

पायरीवर केशरबाई उभी होती, घिसाड्याची केशरबाई. नदीच्या कोरड्या पात्रालगत त्यांचं पाल होतं, नवरा-बायको दोघंच. एरवी ती आली की गल्लीच्या तोंडापासून कळायचं. "इळे घ्या, खुरपे घ्या, उलथने घ्या, सासूले हानाले कायबी घ्या," असा तिचा पुकारा असे आणि बायका हसत बाहेर येत. त्या दिवशी ती आवाज न करता आली होती आणि उजवा हात पदराखाली होता.

मी बसा म्हटलं. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि पदराखालून हातोडा काढून माझ्यासमोर ठेवला. खडी फोडायचा, मुठीएवढ्या तोंडाचा. तोंडाच्या एका कडेला शिंपल्याच्या आकाराची कपची उडालेली होती. तुटलेली जागा राखाडी, बारीक कणीची, साखरेचा खडा फोडल्यासारखी दिसत होती.

"लिलाबाईच्या डोयात गेली ते हेच," ती म्हणाली.

लिलाबाईचं मला आदल्या संध्याकाळीच यांच्याकडून कळलं होतं. बौद्धवाड्यातली भिवाजीची बायको. खाणीवर खडी फोडताना डोळ्यात काहीतरी गेलं, रक्त थांबेना, म्हणून जीपमधून अकोल्याला पाठवली. दगडाची कपची गेली असावी असं सगळे समजत होते. ती दगडाची नव्हती, हे केशरबाईला कळलं होतं. संध्याकाळी खाणीवर जाऊन तिनं लिलाबाईचा हातोडा शोधून आणला होता.

हे हातोडे कुठून आले, ते सांगायला हवं.

आमचे हे तेव्हा दुष्काळी कामावर ओव्हरसियर होते. शिरपूरहून निघणाऱ्या एका रस्त्याची खडी फोडायचं काम चाललं होतं. पंजाबराव नावाचे मुकादम होते. त्यांनी सुरुवातीला कुठून तरी हातोडे आणले होते, ते नरम लोखंडाचे. चार दिवसांत त्यांची तोंडं कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरली. मग दुसरे आणले, ते बिडाचे, ओतीव. ते काळ्या दगडावर बसले की दोन तुकडे होऊन पडत. दगड फुटेना आणि ढीग मोजून मजुरी, त्यामुळे बायकांची उपाशी राहायची पाळी आली. तेव्हा यांनी स्वतः वाशीमला जाऊन भंगारातून ट्रकचे मोडके अ‍ॅक्सल आणले आणि किसनसिंगला, केशरबाईच्या नवऱ्याला, सांगितलं की याचे तुकडे पाडून हातोडे कर. लोखंड यांनी निवडलं, घडवलं त्या दोघांनी. त्या हातोड्यांवर सगळं काम उभं राहिलं.

तेव्हा मी रोज पोरीला कडेवर घेऊन त्यांच्या पालाशी जाऊन बसत असे. नवऱ्याच्या हातात सांडशी आणि लहान हातोडी. तो तापलेला तुकडा ऐरणीवर धरून हातोडीनं जागा दाखवायचा, आणि ती डोक्याच्या वरून घण आणून नेमका तिथे मारायची. त्यांच्यात घण बाईनं मारायचा. बारीक अंगाची, चाळिशी ओलांडलेली बाई, पण घण खाली येताना तिच्या खांद्यापासून टाचेपर्यंत सगळं शरीर एक व्हायचं. लग्नाच्या आधीपासून ती घण मारत होती. रिसोडच्या वाटेवर गाडीतच जन्मली, असं सांगायची. गावं तिच्या लक्षात राहत ती तिथे मिळालेल्या लोखंडावरून. अमक्या गावी रुळाचा तुकडा मिळाला, तमक्या गावी विहिरीवरच्या मोटेचं चाक. एका गावाचं मात्र नाव ती घेत नसे. तिथे गोवरानं तिची मुलगी गेली आणि दुसऱ्याच दिवशी पाल उठवावं लागलं होतं.

अमरावतीला कॉलेजात मला रसायनशास्त्र होतं. लोखंडात कार्बन किती, यावर त्याचा सगळा स्वभाव ठरतो, हे पुस्तकात वाचलं होतं. शेकड्याला पाव भागाहून कमी असला तर ते नरम, बांधकामाच्या गजासारखं. वाकेल पण मोडणार नाही. अर्ध्या-पाऊण भागाच्या आसपास असला की ते पोलाद. तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. एकाच्या वर गेला की कानशीसारखं, काचेसारखं कडक. आणि तीन-चार भाग झाले की बीड, जे ओतता येतं पण ठोकता येत नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती घण टेकवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, बरोबर हाय, फक्त आमी त्याले कर्ब-गिर्ब म्हनत नाई. गजाचं लोखंड पाणी पीतच नाही, कितीही पाजा. कानशीचं लोखंड फार पितं, मग रागीट होतं. अ‍ॅक्सलचं समजदार, मारही खातं आणि कडाही धरतं.

मी माझी नवी स्टेनलेसची ताटली दाखवली. तिनं ती नखानं वाजवली, उन्हात फिरवली. मी म्हटलं, यात क्रोमियम असतं, म्हणून गंजत नाही.

"हे पाव्हन्यापुढं ठेवाचं लोखंड होये, बाई," ती म्हणाली. "याचा इळा केला त गवतबी हासन."

ते खोटं नव्हतं. भांड्यांचं स्टेनलेस पाण्यात बुडवून कडक होत नाही. साधं कार्बनचं पोलाद गंजतं, काळं पडतं, पण धारेच्या कामाला तेच लागतं. मात्र त्यात एक मेख आहे. तापवून पाण्यात बुडवलं की ते नुसतं कडक होत नाही, ठिसूळही होतं. तसंच वापरलं तर दगडावर बसताच कपची उडते. म्हणून कडक झालेलं तोंड दगडानं घासून उजळ करायचं आणि मागच्या भागातली ऊब तोंडाकडे येऊ द्यायची. ती येताना उजळ पोलादावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा, मग मधाचा, मग तांबूस, मग वांग्याच्या सालीचा, मग निळा. ज्याचं त्याचं काम पाहून त्या त्या रंगावर ते पुन्हा पाण्यात टाकायचं. खडीच्या हातोड्याला वांग्याचा रंग जाऊन निळा लागायला लागला की बुडवायचा. गवताच्या रंगावर बुडवला तर तो काचेचा.

हे रंग ओळखणं, म्हणजे पाणी देणं, पुरुषाचं काम. सगळ्या घिसाड्यांत तसंच असतं का, ठाऊक नाही. त्यांच्या घरात होतं. पाणी देताना बाईनं बाजूला व्हायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की पाणी बिघडतं, अशी समजूत. मी एकदा मध्येच काही विचारलं तेव्हा केशरबाईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं होतं.

त्या सकाळी उंबऱ्याशी बसून ती मला जे सांगत होती ते एवढंच होतं. किसनसिंगच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कधीपासून, ते त्यालाही नीट कळलं नव्हतं. त्याला सगळं पिवळट, मळकट दिसत होतं. गवताचा रंग त्याला वांग्याचा वाटत होता. शेवटच्या अ‍ॅक्सलचे जे हातोडे झाले, ते सगळे त्यानं लवकर बुडवले.

"मले रंग दिसत होता," ती म्हणाली. "पयल्याले वाटलं, माह्या डोयाची चूक असन. दुसऱ्याले समजलं. मी बोलली नाई."

भाकरी तव्यावर करपल्याचा वास येत होता.

तिचं काम दोन गोष्टींचं होतं. त्या शेवटच्या अ‍ॅक्सलचे बाकीचे हातोडे अजून खाणीवर बायकांच्या हातात होते, आणि त्यातला कुठलाही, कधीही फुटणार होता. ते परत आणायचे. पण का आणले, हे कोणाला कळू द्यायचं नाही. ज्या घिसाड्याला रंग दिसत नाही त्याला गाव विळाही पाजवायला देत नाही, भाऊबंद लग्नाच्या पंगतीत बसवतात पण सल्ल्याला बोलावत नाहीत. किसनसिंगजवळ दुसरं काहीच नव्हतं. "डोया गेला हे त्यानं अजून माह्यापाशीबी म्हटलं नाई," ती म्हणाली. "चालतानी ठेचकाळते त दगडाले शिवी देते."

पोरीला शेजारी ठेवून मी तिच्याबरोबर खाणीवर गेले. हे त्या दिवशी पुढच्या नाल्यावर मोजणीला होते. खाणीवर पंजाबराव बाजेवर बसले होते. बायका ओळीनं उन्हात, डोक्यावर पदराची घडी, पायांना गोणपाट गुंडाळून. मी पंजाबरावांना म्हटलं की नव्या हातोड्यांचे दांडे ढिले असल्याची शंका आहे, एकदा सगळे परत घेऊन पाहावेत. पंजाबराव हसले. "आता ओव्हरसियरीनबाई दांडे तपासाले लागल्या. उद्या सायेब भाकरी थापतीन," असं म्हणाले आणि आसपासचे दोघे-तिघे पुरुष हसले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. घ्या म्हणाले, मात्र बदली हातोडे नाहीत.

अडचण तीच होती. मी ओळीतल्या पहिल्या बाईकडे हात केला, तर तिनं हातोडा मांडीखाली घेतला. मी म्हटलं, अहो, लिलाबाईचं पाहिलं ना, तुमच्याही डोळ्यात जाईल.

"डोया जाईन तवा जाईन," ती शांतपणे म्हणाली. "हातोडा देल्ला त चूल आजच जाते."

आणि ती पुन्हा मारू लागली. प्रत्येक घावाला माझे डोळे मिटत होते. तिचे मिटत नव्हते. गंमत म्हणजे, गंमत कसली, ते हातोडे बायकांना फार आवडले होते. इतरांपेक्षा कडक, त्यामुळे दगड लवकर फुटायचा, आवाज टणटणीत यायचा. लिलाबाईनं तर दुसऱ्या एकीशी भांडून तो आपल्याकडे घेतला होता.

केशरबाई तोवर दूर उभी होती. ती जवळ आली आणि म्हणाली, दुपारच्या सुटीत द्या. भाकरी खाऊन होईस्तोवर परत देते, एकीचाही दिवस बुडणार नाही. बायका तिला ओळखत होत्या. एकेकीनं कबूल केलं.

खाणीच्या कडेला सिमेंटच्या पोत्यांसाठी पत्र्याची खोली होती. तिथे भाता लावला. अंधार हवा होता. भर उन्हात रंग दिसत नाहीत. दाराला फळी नव्हती. म्हणून ताडपत्री धरून मी दारात उभी राहिले, आणि त्यामुळे आत जे झालं ते पाहणारी मी एकटीच.

किसनसिंगला तिनं घरून आणलं होतं. उंच, ताठ माणूस, मिशा अजून काळ्या. तो नेहमीप्रमाणे सांडशीच्या जागेवर बसायला गेला. केशरबाई तिथे आधीच बसली होती. तो उभाच राहिला. मग तो त्यांच्या भाषेत हळू आवाजात बोलू लागला. शब्द मला कळले नाहीत. राग होता, मग राग नव्हता. तिनं फक्त भात्याचा दोर उचलून त्याच्या बाजूला ठेवला. तो खाली बसला आणि भाता ओढू लागला.

पुन्हा घडवायचं नव्हतं. तोंड वाळूच्या दगडानं घासायचं, मागचा भाग निखाऱ्यात धरायचा आणि रंग तोंडापर्यंत येईस्तोवर वाट पाहायची. आधी राहिलेलं, ते पुरं करायचं. ताडपत्रीच्या फटीतून मला दिसत होतं: उजळ पोलादावर फिकट गवती रंग आला, सरकला, त्याच्या मागून मध आला. केशरबाईच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण सांडशी हलत नव्हती. तांबूस आला. आणि त्या घरात पाणी देताना जे कधी झालं नव्हतं ते झालं. किसनसिंग बोलला, आणि मला समजावं अशा भाषेत बोलला, का ते माहीत नाही.

"आला काय?"

"येऊन राह्यला. थांबा."

भाता हळू झाला. वांग्याचा रंग कडेपर्यंत पोचला, त्यात निळं मिसळायला लागलं.

"आता," ती म्हणाली आणि हातोडा पाण्यात गेला.

त्यानंतर प्रत्येक हातोड्याला तो विचारत होता आणि ती सांगत होती. तो तिच्याकडे पाहत नव्हता. भिंतीकडे तोंड होतं. शेवटच्या हातोड्याला त्यानं विचारलंच नाही. पाण्याचा आवाज ऐकला, उठला आणि ताडपत्री बाजूला करून उन्हात निघून गेला. चार पावलांवर वाळूच्या ढिगाला अडखळला. ढिगाला शिवी दिली.

बायकांना हातोडे परत मिळाले. आता पहिल्यासारखा लागत नाही, दगड उशिरा फुटतो, अशी त्यांनी कुरकुर केली. पुढे त्यांतला एकही फुटला नाही.

लिलाबाईचा डोळा काढावा लागला. पावसाळ्याच्या तोंडाशी ती परत आली, डाव्या बाजूला पदर ओढून. आल्याच्या आठवड्यात खाणीवर बसली. एका डोळ्याला दगड किती दूर आहे ते नीट कळत नाही. तिचा हातोडा दगडाच्या अलीकडेच पडायचा, डाव्या हाताची बोटं ठेचली जायची. भिवाजी तिला घरी राहा म्हणत होता. घरी राहून काय पाहू, असं ती म्हणाली, आणि बायका त्यावर हसल्या, तीही हसली. मी तिच्यासाठी हळद-तेल घेऊन जात असे. एकदा तिनं मला विचारलं की बाई, माझ्या हातोड्यातच खोट कशी आली, सगळ्यांचे तर चांगले आहेत. मी म्हटलं, साहेब चौकशी करणार आहेत. केशरबाई त्या वेळी तिच्याच शेजारी बसून तिच्या बोटांना चिंधी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

चौकशी खरंच होणार होती. कामावर इजा झालेल्या बाईला काही द्यायचं तर कारण लिहावं लागतं. वाशीमहून एक साहेब येणार होते. हातोडा का फुटला, एवढाच त्यांचा प्रश्न. त्याला दोनच उत्तरं होती. एक तर लोखंड वाईट, नाहीतर पाणी चुकलं. लोखंड वाईट म्हटलं तर ते आणलं कोणी, हे पुढे येणार. कोणालाही न विचारता भंगारातून अ‍ॅक्सल आणणारे आमचे हे. यांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, लोखंड चांगलं होतं, हे मी कोणालाही दाखवून देऊ शकतो. खरंच होतं ते. त्याच अ‍ॅक्सलचे बाकीचे हातोडे खाणीवर चालत होते. मग म्हणाले, साहेब तुलाही विचारतील, तू तिथे होतीस हे पंजाबराव सांगणारच.

साहेब यायच्या आदल्या दिवशी केशरबाई आली. या वेळी तिनं दार वाजवलं नाही. मी अंगणातच तांदूळ निवडत होते. पाल उठलं होतं. नदीकडच्या वाटेवर गाडी जुंपलेली दिसत होती, ऐरण आणि भाता वर बांधलेला. किसनसिंग बैलांच्या तोंडाशी कासरा धरून उभा होता, ताठ, आमच्या घराकडे पाठ करून.

मी तिला पाणी दिलं. ती प्याली. म्हणाली, जाऊ आता, तिकडे मंगरुळाकडे कामं निघाली आहेत. मी विचारलं, तिकडे पाणी कोण देणार? ती म्हणाली, पाल दाट लावू, अंधार करू, बाहेरच्याला दिसणार नाही. तो ओढेल भाता. आता विचारतो, हळूच.

मग ती बसलीच राहिली. हाताचे तळवे पाहत होती. घणाच्या दांड्यानं ते लाकडासारखे झाले होते. यांचं नाव निघणार, हे तिला ठाऊक होतं. अ‍ॅक्सल कोणी आणले ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्या लोखंडाचं तिनं किती वेळा माझ्याशी कौतुक केलं होतं.

"बाई, एक करा," ती म्हणाली. "सायेबानं इचारलं त लोखंड खराब होतं म्हना."